वरच्या मजल्यावरच्या निमगावकर सिस्टर

भाव ठरवताना समोरचा माणूस घड्याळ बघू लागला की समजावं, तो आता उठणार. धंद्यात तीस वर्षं गेली, माझा हा अंदाज कधी चुकला नाही. एकदाच चुकला, तो निमगावकर सिस्टरांच्या बाबतीत.

इंदूरला माझ्या दुकानावरची खोली भाड्याने द्यायची होती. बाई आल्या आणि खुर्चीवर ताठ बसल्या. साठीच्या पुढच्या, किडकिडीत, अंगावर फिकट निळी सुती साडी, तिला अशी कडक इस्त्री की पदराला हात लावायची भीती वाटावी. डाव्या खांद्याखाली पिनेने एक छोटं घड्याळ उलटं टांगलेलं, जुन्या नर्सेस लावायच्या तसं. मी भाडं सांगितलं आणि सवयीप्रमाणे बोलत सुटले. रस्ता लालबागकडे जाणारा आहे, बस दारात थांबते, पाणी दोन्ही वेळा येतं, खाली दिवसभर बायका शिलाई करतात, म्हणजे तुमच्या वर्गाला येणाऱ्या मुलींना कसलाच धोका नाही. बाईंनी दोन बोटांनी ते घड्याळ उचललं आणि बघत राहिल्या. मला वाटलं, हिने दुसरी जागा हेरून ठेवलीय. मी थोडी खाली आले. त्या आपल्या घड्याळच बघताहेत. मी आणखी खाली आले. तेव्हा कुठे त्यांनी घड्याळ सोडलं आणि म्हणाल्या, "चालेल."

दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "मिनिटाला चोवीस श्वास आहेत तुमचे, शोभाबाई. बसल्या जागी इतके नसावेत. दमा आहे ना? औषध घेता ना नियमित?"

"घेते की," मी म्हणाले.

"मग ठीक."

म्हणजे मी आपणहून भाडं उतरवत होते आणि बाई तोवर माझे श्वास मोजत होत्या. श्वास मोजतोय हे पेशंटला सांगायचं नसतं, सांगितलं की तो मुद्दाम सावकाश घेतो, हे मला पुढे त्यांच्या मुलींकडून कळलं. सिस्टरांवरच्या माझ्या रागाची सुरुवात इथली. नंतर त्यात भर पडत गेली. एक राग तर अजून आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझं दुकान नर्सेसच्या युनिफॉर्मचं. मिल बंद पडली तेव्हा ह्यांचा पगार थांबला आणि माझं शिलाई मशीन सुरू झालं. आज नऊ मशिनं आहेत. कुणाच्या ओळखीने नाही, कुणाच्या मेहेरबानीने नाही. कापडवाल्यांशी मी भांडते, नर्सिंग कॉलेजवाल्यांशी भांडते, आणि भांडून झालं की त्यांच्याकडचाच चहा पिऊन येते. बाजारात मी दिसले की दुकानदार एकमेकांना म्हणतात, "शोभा भाभी आ गईं भिया, आज की दुपहर गई." तेव्हा माणूस पारखायला मला कुणी शिकवू नये, असं माझं मत होतं.

सिस्टरांनी वर वर्ग सुरू केला. सरकारी नोकरीत नर्स म्हणून लागायचं तर नर्सिंग ऑफिसरची परीक्षा द्यावी लागते. तिच्या तयारीसाठी इंदुरात मोठमोठे क्लासेस आहेत, पडद्यावर शिकवणारे, दारावर पास झालेल्या मुलींचे फोटो लावणारे. सिस्टरांकडे एक फळा, तीस प्लास्टिकच्या खुर्च्या आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचा गठ्ठा. त्या पानांवर त्यांच्या हातचे प्रश्न. मुली सांवेर, सिमरोल, कुठकुठल्या गावांहून बसने यायच्या. परीक्षेत प्रश्न कोरडा असतो: साठ वर्षांचा पुरुष, रक्तदाब वाढलेला, परिचारिका आधी काय करील, खाली चार पर्याय. सिस्टरांच्या प्रश्नात त्या पुरुषाला नाव असायचं, गाव असायचं, घरात कोण स्वयंपाक करतं हेही असायचं. मुली कुरकुरायच्या, की मैडमजी, पेपरमध्ये इतकं कुठे असतं. त्या म्हणायच्या, "पेपरमध्ये नसतं. वॉर्डात असतं."

शिकवायच्या हिंदीत, पण राग आला की मराठीवर यायच्या. मुलींनी ते बरोबर ओळखलं होतं. जिन्यावरून मला ऐकू यायचं, "मैडमजी मराठी पे आ गईं, अब गए."

मोठे राग दोनच गोष्टींवर. एक, मुलीची नखं वाढलेली दिसली तर. दुसरा, 'समजलं' या शब्दावर. त्यांच्या वर्गात 'समजलं' म्हणायला बंदी होती. मुलीने म्हटलं की त्या म्हणायच्या, मला दाखव काय समजलं ते. आणि पेशंटला 'समजलं का' असं विचारणारी नर्स तर त्यांच्या लेखी नापासच. कारण इंदूरचा माणूस सभ्य असतो, तो नर्सला नाही म्हणत नाही. तो मान हलवतो आणि घरी जाऊन जे करायचं तेच करतो.

ह्याचा पुरावा म्हणून त्या सिमरोलच्या बद्रीलालची गोष्ट सांगायच्या. बद्रीलालला वॉर्डातून घरी सोडताना तरुणपणीच्या निमगावकर सिस्टरांनी बजावलं होतं, मीठ बंद. त्याने मान हलवली. महिन्याने पाय सुजून परत आला. मीठ खाल्लं का? शप्पथ नाही, बायकोने भाजीत चिमूटभरही घातलं नाही. सिस्टर त्याच्या बायकोला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, आणि शेवटी ती सहज म्हणाली की भाजी अळणी लागते म्हणून हे वरून सेव घालून घेतात. पोह्यांवर सेव, वरणावर सेव, चहाबरोबर सेव. सेव म्हणजे मीठ, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं, कारण सेव ही सेव असते. "इंदूरमध्ये मिठाचं विचारू नका," सिस्टर म्हणायच्या, "सेवेचं विचारा." मुली हसायच्या. सिस्टर हसायच्या नाहीत. त्या बद्रीलालच्या पायावर बोट दाबल्यावर पडलेला खड्डा किती खोल होता ते दाखवायच्या.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि माझी हिंमत सहसा कमी पडत नाही. बाहेरचं खायच्या, पण आधी गाडीवाल्याचे हात बघायच्या. आमच्या चौकातला पोहेवाला त्या येताना दिसल्या की दोन्ही हात पुढे करून उभा राहायचा, शाळेत मुलं राहतात तसा. दुपारी वर्ग सुटला की खाली येऊन माझ्या शिलाईच्या बायकांमध्ये बसायच्या, एखादीची पाठ दुखत असेल तर स्टूल उंच कर म्हणून सांगायच्या. एकदा कारण नसताना माझ्या एप्रनचा खिसा उलटून बघितला आणि म्हणाल्या, हा दोन बोटं खोल करा, वाकलं की कात्री पडते. मी चिडले. सात वर्षं तोच खिसा विकत होते. पण तेव्हापासून दोन बोटं खोल करते आणि कापड जास्त लागतं म्हणून भावही थोडा चढवला.

आता मुख्य गोष्ट. माझी मुलगी केतकी. तिने नर्सिंग केलं होतं आणि परीक्षेची तयारी करायची होती. दुकानाच्या वरच वर्ग, तेव्हा ती तिथेच जाऊ लागली. पहिल्या महिन्यातच सगळ्या चाचण्यांमध्ये पहिली. मी खूश होते. पोरगी हुशार होतीच, त्यात रक्त माझं. तिने मला तिची रीत सांगितली होती. चार पर्यायांत सगळ्यात लांब असतो तो बहुधा बरोबर. 'नेहमी' किंवा 'कधीच नाही' असं लिहिलेलं असेल तर तो चूक. 'डॉक्टरांना कळवा' हा बहुतेक वेळा चूक, कारण परीक्षा नर्सची आहे. आणि दोन पर्याय एकमेकांच्या उलट असतील तर त्यांतलाच एक घ्यायचा. म्हणजे प्रश्न वाचायच्या आधी प्रश्न काढणाऱ्याला वाचायचं. मी तर आयुष्यभर बाजारात हेच केलंय.

सिस्टरांनी एक दिवस वर्गात वीस प्रश्नांचा पेपर वाटला. त्यात प्रश्न नव्हतेच, फक्त पर्याय. लिहायचे राहिले म्हणाल्या, तसंच सोडवा. बाकीच्या मुलींनी गोंधळ घातला, काहींनी कोराच दिला. केतकीने पंधरा बरोबर आणले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनी पेपर हातात घेतला आणि मराठीवर आल्या.

"केतकी, सोळाव्या प्रश्नातला पेशंट जिवंत आहे का गं?"

"मैडम, प्रश्नच नव्हता ना."

"मग उत्तर दिलंस कोणाला?"

दुसऱ्या दिवसापासून केतकीच्या चाचण्या बंद. सिस्टर एका धर्मादाय दवाखान्यात सकाळी फुकट काम करायच्या, तिथे तिला पाठवलं. काम काय, तर औषध घेऊन निघालेल्या पेशंटला ओट्यावर बसवायचं आणि घरी जाऊन तो नक्की काय करणार, हे त्याच्याकडून ऐकायचं. परीक्षेला दहा आठवडे होते.

मी वर गेले. जिन्यात दोनदा थांबावं लागलं, तेवढ्यात राग आणखी तापला. मी म्हणाले, बाकीच्या मुली पेपरवर पेपर सोडवताहेत आणि माझी मुलगी ओट्यावर म्हाताऱ्यांशी गप्पा मारतेय, हे काय चाललंय? ती तुमच्या वर्गात पहिली येते, तिला तुम्ही शिक्षा कसली देताय? बाहेरच्या क्लासमध्ये मुली हेच करतात, याच युक्त्या शिकतात, पास होतात आणि पुढे चांगल्या नर्सही होतात.

"होत असतील," सिस्टर म्हणाल्या.

"मग केतकीच का?"

"पास तर ती आजही होईल, शोभाबाई. मला त्याचीच भीती वाटते."

मी तिला दुसऱ्या क्लासमध्ये घालायला निघाले. फी ठरवून आले, कमीही करवून आले. केतकीच अडून बसली. "आई, तू बीच में मत बोल ना, प्लीज," म्हणाली. "मला जायचंय दवाखान्यात." मुलगी आपलीच, तिच्याशी भाव करता येत नाही.

परीक्षा झाली. केतकी बाहेर आली ती पांढरी पडून. पेपर पुरा झाला नव्हता. आधी जी मुलगी अर्ध्या वेळात उठायची, ती आता प्रत्येक प्रश्नातल्या माणसापाशी थांबत होती. हा एकटा राहतो का, हिला वाचता येतं का, असं तिच्या मनात येत होतं म्हणे, आणि शेवटचे प्रश्न तसेच राहिले. थोडक्या गुणांनी गेली. तिच्यापेक्षा मागे असणाऱ्या दोघी लागल्या. त्यांचे युनिफॉर्म मीच शिवले. हसून मापं घेतली आणि आत जाऊन रडले.

त्यानंतर मी सिस्टरांशी बोलणं सोडलं. ह्यांच्यामार्फत निरोप पाठवला, होळीपर्यंत दुसरी जागा बघा. हे वर जाऊन आले आणि म्हणाले, "बरं म्हणाल्या." एवढंच. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

केतकी मात्र दवाखान्यात जातच राहिली. आणि अशात एक दिवस ती दुकानात बसली असताना मला धाप लागली. मी गल्ल्यातून डबी काढली, कॅप्सूल काढली, पाण्याबरोबर गिळली. केतकी बघत होती. नेहमी ती मला घरी विचारायची, औषध घेतलंस का, मी म्हणायचे घेतलं. डबी दुकानात असल्यामुळे घेताना कुणी पाहिलंच नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "मशीन कुठेय?"

"कसली मशीन?"

ती कॅप्सूल गिळायची नव्हतीच. एक प्लास्टिकचं छोटं यंत्र असतं, त्यात कॅप्सूल घालून फिरवायची, ती आत फुटते आणि तिच्यातली पूड तोंडाने जोरात आत ओढायची. म्हणजे औषध छातीत जातं. माझं दीड वर्ष पोटात जात होतं. आता आठवलं. औषधाच्या दुकानदाराने ते यंत्र माझ्यापुढे ठेवलं होतं आणि मला वाटलं, हा गळ्यात काहीतरी जास्तीचं मारतोय. "ये हटाओ भिया, सिर्फ कैप्सूल दो," असं म्हणून मी त्याला ते परत ठेवायला लावलं होतं आणि जिंकल्यासारखी घरी आले होते. डॉक्टरकडच्या मुलीने सगळं समजावलं होतं, पण तेव्हा मी फोनवर कापडवाल्याशी भांडत होते. शेवटी तिने विचारलं, समझ गईं ना आंटी? मी मान हलवली. औषधाने गुण येईना म्हणून मधल्या काळात दोन डॉक्टर बदलले आणि दोघांना नावं ठेवली.

केतकी खाली मान घालून बसली. मला वाटलं हसतेय. ती रडत होती. "घरात नर्स असून," एवढंच तिला बोलता आलं.

यंत्र आणलं. केतकीने दाखवलं, मग मला दाखवायला लावलं, चार दिवस रोज. मी ओरडले की मी काही कुक्कुलं बाळ नाही, तर पाचव्या दिवशीही लावलं. महिन्याभरात माझी छाती इतकी हलकी झाली की दुकानात मी बायकांना हाक मारली की त्या दचकू लागल्या. इतका आवाज माझ्यात आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

आणि मग मापं द्यायला येणाऱ्या मुली माझ्याकडे बघून गालात हसू लागल्या. एकीला दरडावून विचारलं तेव्हा कळलं, वर मैडमजींनी नवा प्रश्न काढलाय आणि त्यात दुकानवाली एक बाई आहे. माझं डोकं फिरलं. मुलीचं वर्ष घेतलं ते घेतलं, आता माझी चेष्टा तीस मुलींपुढे, आणि तीही माझ्याच खोलीत. मी तडक वर गेले. वर्ग भरलेला होता.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "जिन्यात कुठे थांबलात?"

"कुठे नाही. का?"

"सतरा पायऱ्या," त्या मुलींकडे वळून म्हणाल्या, आणि मग एक कॅलेंडरचं पान माझ्या हातात दिलं.

मी तिथेच उभी राहून वाचलं. लिहिलं होतं: 'एका ५३ वर्षांच्या दुकानदार बाईंना दमा आहे. एका अनुभवी परिचारिकेने त्यांचे श्वास मोजले, ते चोवीस भरले. तिने विचारलं, औषध घेता ना नियमित? बाई म्हणाल्या, घेते. परिचारिका, मग ठीक, असं म्हणून निघून गेली. परिचारिकेची चूक कोणती?' खाली चार पर्याय.

चूक बाईंची कोणती, असं विचारलेलंच नव्हतं.

"वर्षानुवर्षं मुलींच्या कानीकपाळी ओरडतेय," सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आणि तुमच्यापाशी येऊन मीच 'घेता ना' विचारलं. तुम्ही भाडं उतरवत होतात, शोभाबाई. मी खुशीत होते. लक्ष नव्हतं माझं."

भांडायला गेलेल्या माणसाला असं काही ऐकवलं की त्याने काय करावं? मी पान परत दिलं आणि म्हणाले, त्रेपन्न खोडा. त्यांनी विचारलं, मग काय लिहू? मी म्हणाले, पंचेचाळीस. शेवटी 'पन्नाशीच्या' यावर सौदा जमला. होळी आली आणि गेली, खोलीचा विषय कुणी काढला नाही.

त्या वर्षी त्यांनी केतकीला सकाळी दवाखान्यात पाठवलं आणि संध्याकाळी स्वतः समोर बसून, वेळ लावून पेपर सोडवून घेतले. प्रत्येक पेशंटपाशी किती थांबायचं आणि कुठून पुढे निघायचं, हे शिकवलं. वॉर्डातही चार जण एकदम हाका मारतात, तेव्हा हेच करावं लागतं, असं म्हणायच्या. केतकी परीक्षेला बसली आणि पेपर पुरा करून आली. निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन वर गेले. पण हातात पेढे असले तरी मनातली गोष्ट मी गिळत नाही.

"केतकी लागली," मी म्हणाले. "पण एक वर्ष उशिरा लागली. त्या दोघी आता जन्मभर तिच्या सीनियर राहतील. ते वर्ष तुमच्यामुळे गेलं, सिस्टर."

"हो. माझ्यामुळे गेलं."

बाजारात समोरचा इतक्यात कबूल होत नाही. "मग?"

"मग काही नाही. दवाखान्यात पाठवलं ते बरोबर होतं. त्याबरोबर पेपरही सोडवून घ्यायला हवे होते, ते मी केलं नाही. ते वर्ष मला परत देता येणार नाही." त्यांनी एक पेढा उचलला, अर्धा मोडला आणि अर्धा पुन्हा पुड्यात ठेवला. त्यांना साखर होती, ती मला त्या दिवशी कळली.

तो राग अजून आहे. वर्ष ते वर्षच. पण रागावण्यासाठी समोरच्यानेही थोडी साथ द्यावी लागते, ती त्यांनी कधी दिली नाही.

केतकीची नेमणूक सांवेरला झाली, तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात. मला इंदूर शहर हवं होतं, पण ते माझ्या हातात नव्हतं. थंडीत मी तिला बघायला निघाले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, मीही येते. बसमध्ये दोन्ही बाजूंना हिरवा गहू. सिस्टर पूर्ण वेळ पुढच्या सीटवरच्या बाईच्या पायाच्या जखमेकडे बघत होत्या आणि सांवेर यायच्या आत तिला पट्टी कशी बांधायची ते सांगून, करून घेऊन मोकळ्या झाल्या होत्या.

केंद्रात ही गर्दी. डॉक्टरांकडून निघालेले लोक एका कोपऱ्यातल्या टेबलापुढे रांगेत थांबले होते आणि टेबलापलीकडे माझी केतकी, मी शिवलेल्या कपड्यांत. मी सरळ तिच्याकडे निघाले. सिस्टरांनी माझं कोपर धरलं. "लाइन आहे," म्हणाल्या. आम्ही बाकाच्या टोकाला बसलो, बाकीच्यांसारख्या. केतकीने आम्हाला पाहिलं, हात जरासा वर केला, बसा म्हणून, आणि पुन्हा कामाला लागली. उठली नाही. तीन महिन्यांनी आई आलीय आणि पोरगी उठली नाही.

तिच्यापुढे एक तरुण बाई होती, मांडीवर जुलाब लागलेलं तान्हं मूल. मीठ-साखरेची पुडी पाण्यात कालवून घोट घोट पाजायची होती. केतकी तिच्याशी मालवीत, इकडच्या खेड्यांतल्या बोलीत, बोलत होती. माझी मुलगी इतकी मालवी कधी शिकली, मला पत्ता नाही. अख्खी पुडी एक लिटर पाण्यात, हे सांगून झालं होतं, बाईने मान हलवली होती. केतकी तरी सोडेना. पाणी कशात घेशील? लोट्यात. कुठला लोटा? बाईच्या पिशवीत तोच लोटा होता, पाणी भरून आणलेला. केतकीने तो रिकामा केला आणि टेबलाखालची लिटरभर पाण्याची बाटली काढून ती लोट्यात ओतायला लावली. बाटलीत पाणी उरलं. मग लोटा रिकामा करून पुन्हा. रांगेतला एक माणूस वैतागला, "सिस्टरजी, जल्दी करो, बस निकल जाएगी." केतकी मान वर न करता म्हणाली, "निकल जाने दो भिया, दूसरी आएगी." खरं सांगते, मीसुद्धा त्या माणसाच्या बाजूची होते.

सिस्टर मात्र पुढे वाकून बघत होत्या. मी त्यांना इतकं स्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. पुढचे सहा-सात जण होईपर्यंत त्या तशाच बसल्या. आमच्या पुढे दोघं उरले तेव्हा एकदम उठल्या आणि चला म्हणाल्या.

"अहो, दोनच नंबर राहिले."

"आपल्याला काही झालेलं नाही, शोभाबाई. मागे लोक खोळंबलेत."

आणि निघाल्यासुद्धा. मला त्यांच्यामागे धावावं लागलं. केतकीला मी दारातून हात केला तेवढाच. बस स्टँडवर त्यांनी पेरू घेतले, ज्यांना आम्ही इंदूरवाले जाम म्हणतो. मी भाव करायच्या आत पैसे देऊनही टाकले. मी फुरंगटून बसले होते. शेवटी मीच विचारलं, "कशी वाटली केतकी?"

"मला काय विचारता," त्या म्हणाल्या. "त्या लोट्यावालीला विचारा, तीन दिवसांनी."

पुढच्या उन्हाळ्यात सिस्टरांनी वर्ग बंद केला आणि त्या खंडव्याला भाच्याकडे राहायला गेल्या. डोळ्यांना कमी दिसू लागलं होतं. फोन करतात, माझ्या श्वासाचं विचारतात, आणि विचारताना यंत्र तोंडाशी धरून ओढून दाखवायला लावतात, आवाज ऐकतात. पण मला त्या आठवतात त्या खंडव्याच्या नाही, सांवेरहून आल्यानंतरच्या चौथ्या दिवसाच्या.

केतकीचा सकाळी फोन आला होता. ती बाई काल मूल घेऊन परत आली, फक्त दाखवायला. जुलाब थांबले होते, मूल अंगावर पीत होतं. मी मशीनवरची शिलाई टाकून वर गेले. वर्ग चालू होता. मी दारातूनच म्हणाले, बाळ बरं आहे, बाईने लोट्याने मोजून पाणी दिलं.

सिस्टरांनी फळ्याचा एक भाग पुसला आणि लिहायला सुरुवात केली. सांवेर, आईचं वय बावीस, मूल आठ महिन्यांचं, घरात लोटा. मग थांबल्या.

"लिटरला किती लोटे भरले?"

मला काय ठाऊक? मी म्हणाले, मोजून दिलं एवढं कळलं ना, झालं. सिस्टर खडू धरून उभ्या राहिल्या. तीस मुली माझ्याकडे बघत होत्या. मी धुसफुसत खाली गेले, केतकीला फोन लावला, ती पेशंटमध्ये होती, मी थांबले, विचारलं, आणि पुन्हा सतरा पायऱ्या चढून वर आले. सिस्टर तशाच फळ्याशी उभ्या होत्या, हात वर, खडू आकड्याच्या रिकाम्या जागेवर टेकवलेला.

"दीड," मी म्हणाले.

त्यांनी दीड लिहिला.